जंतुसंसर्गित धमनीविस्फार : शिरेच्या कलमाने होणारी शस्त्रचिकित्सा

जांघेत, गुडघ्यामागे किंवा पोटात नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारी गाठ आणि तिच्या जोडीला ताप अशी लक्षणे आढळल्यास जंतुसंसर्गामुळे फुगलेल्या धमनीची शक्यता प्रथम विचारात घ्यावी लागते. हा विकार विरळा आहे. पाश्चात्त्य देशांत महाधमनीच्या एकूण विस्फारांपैकी सुमारे एक ते दोन टक्के विस्फारच संसर्गित असल्याचे आढळते. पूर्व आशियातील काही देशांत हे प्रमाण अधिक आहे. मात्र निदानास विलंब झाल्यास धमनी फुटून रुग्ण काही मिनिटांत दगावू शकतो. या विकारावरील उपचारांत रुग्णाच्याच शरीरातील शीर काढून ती धमनीच्या जागी जोडण्याच्या पद्धतीला गेल्या शतकापासून महत्त्वाचे स्थान लाभले आहे. या पद्धतीमागील तत्त्वे, तिचा इतिहास आणि तिच्या मर्यादा यांचा हा परिचय.

विकाराचे स्वरूप

हृदयातून निघालेले रक्त शरीराच्या सर्व भागांत पोहोचविणाऱ्या वाहिन्यांना धमन्या म्हणतात, तर रक्त हृदयाकडे परत आणणाऱ्या वाहिन्या शिरा होत. धमनीची भिंत तीन थरांची असते. मधल्या थरातील स्नायू आणि लवचिक तंतू रक्ताचा दाब सहन करतात. एखाद्या ठिकाणी ही भिंत दुर्बळ होऊन धमनी आपल्या नेहमीच्या व्यासाच्या दीडपट किंवा त्याहून अधिक रुंद झाली की त्या अवस्थेस धमनीविस्फार म्हणतात. रुग्णालयांत त्यासाठी ॲन्युरिझम हा शब्द रूढ आहे.

बहुसंख्य विस्फार वाढते वय, धूम्रपान, उच्च रक्तदाब आणि भिंतीची झीज यांमुळे निर्माण होतात व वर्षानुवर्षे सावकाश वाढतात. संसर्गित विस्फाराची गती वेगळी असते. जिवाणू धमनीची भिंत आतून किंवा बाहेरून पोखरतात आणि काही दिवसांत अथवा आठवड्यांत तिला भगदाड पडते. बाहेर आलेले रक्त भोवतालच्या ऊतींनी अडविल्यामुळे तेथे धडधडणारी पिशवी तयार होते. या पिशवीला धमनीची खरी भिंत नसल्याने तिला आभासी विस्फार असे म्हणतात. ती केव्हा फुटेल याचा अंदाज तिच्या आकारावरून बांधता येत नाही. म्हणूनच साध्या विस्फाराप्रमाणे 'आकार वाढेपर्यंत वाट पाहू' हे धोरण येथे धोक्याचे ठरते.

वैद्यकशास्त्रात या विकारास 'मायकोटिक ॲन्युरिझम' असेही म्हणतात. हे नाव सर विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समधील गुल्स्टोनियन व्याख्यानांत वापरले. हृदयाच्या आतील अस्तराच्या संसर्गाचे वर्णन करताना झडपांवरील आणि धमनीतील वाढ त्यांना बुरशीसारखी दिसली, म्हणून हे नाव पडले. नावावरून हा बुरशीजन्य रोग वाटत असला तरी प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांत त्याचे कारण जिवाणू हेच असते.

कारणे आणि जंतू

जंतू धमनीच्या भिंतीत चार मार्गांनी प्रवेश करतात. पहिला मार्ग हृदयाच्या संसर्गित झडपांवरून सुटलेल्या कणांचा. हे कण रक्ताबरोबर वाहत जाऊन मेंदू, आतडे किंवा हातापायांच्या धमन्यांत अडकतात. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या रुग्णांची संख्या भारतात मोठी असल्याने हा मार्ग आपल्याकडे विशेष लक्षात ठेवावा लागतो. दुसरा मार्ग, रक्तात शिरलेले जंतू चरबीच्या थरांनी खडबडीत झालेल्या धमनीच्या अस्तरावर रुजण्याचा. तिसरा, शेजारच्या संसर्गाचा. उदाहरणार्थ, मणक्याच्या क्षयातून महाधमनीकडे पसरणारा जंतुसंसर्ग. चौथा मार्ग थेट दुखापतीचा असून त्यात जखमा, धमनीत घातलेल्या नळ्या आणि सुया यांचा समावेश होतो. शिरेतून अमली पदार्थ टोचून घेणाऱ्या व्यक्तींमध्ये जांघेतील धमनीचा संसर्गित विस्फार याच मार्गाने होतो.

प्रतिजैविकांपूर्वीच्या काळात उपदंश हे धमनीविस्फाराचे एक प्रमुख कारण होते. आज स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि साल्मोनेला हे जंतू सर्वाधिक आढळतात. साल्मोनेला गटातील जंतू मध्यमवयीन व वृद्ध व्यक्तींच्या महाधमनीत रुजण्याची प्रवृत्ती दाखवितात. त्यामुळे पन्नाशी उलटलेल्या रुग्णाच्या रक्तात हा जंतू सापडला आणि उपचारांनंतरही ताप व पाठदुखी कायम राहिली तर महाधमनीची तपासणी करणे आवश्यक ठरते. मेलिऑइडोसिस या रोगाचा जंतू माती व पाण्यात राहतो. थायलंडप्रमाणेच दक्षिण भारताच्या किनारपट्टीवर, प्रामुख्याने पावसाळ्यात आणि मधुमेही रुग्णांत हा रोग आढळतो. त्यातूनही धमनीविस्फार उद्भवू शकतो.

लक्षणे आणि निदान

ताप, वेदना आणि धडधडणारी गाठ ही तीन प्रमुख लक्षणे होत. परंतु तिन्ही एकाच रुग्णात असतीलच असे नाही. महाधमनीच्या विस्फारात केवळ पाठदुखी, अशक्तपणा आणि अधूनमधून येणारा ताप एवढीच तक्रार असू शकते. हातापायांतील विस्फारात मात्र गाठ लाल, गरम व दुखरी दिसते आणि येथेच सर्वांत गंभीर चूक होण्याचा संभव असतो. गळू समजून अशा गाठीस चिरा दिला असता पू निघण्याऐवजी धमनीतील रक्ताची धार लागते. यासाठी जांघ, काख, कोपर किंवा गुडघ्यामागील कोणत्याही सुजेस छेद देण्यापूर्वी तीवर हात ठेवून ठोका जाणवतो काय हे पाहावे आणि शंका असल्यास सोनोग्राफी करावी, हा शस्त्रचिकित्सेतील मूलभूत नियम आहे. आत रक्ताची गुठळी जमलेली असल्यास ठोका जाणवत नाही. त्यामुळे केवळ हाताच्या स्पर्शावर विसंबून राहता येत नाही.

निदानासाठी रक्तवाहिन्यांचे सीटी स्कॅन ही सध्याची मुख्य तपासणी आहे. धमनीच्या एकाच बाजूस आलेला पिशवीसारखा फुगवटा, त्याभोवती सूज, द्रव किंवा वायूचे बुडबुडे आणि थोड्याच दिवसांत वाढलेला आकार ही संसर्गाची चिन्हे मानली जातात. प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वी रक्ताचे नमुने जंतुपरीक्षेसाठी घेतले जातात. तथापि, अनेक रुग्णांत ही परीक्षा नकारात्मक येते, विशेषतः आधीच औषधे घेतली असल्यास. अशा वेळी रुग्णाची लक्षणे, रक्ततपासण्या आणि सीटी स्कॅन यांचा एकत्रित विचार करूनच निर्णय घ्यावा लागतो.

उपचारांची तीन सूत्रे

या विकारावरील शस्त्रचिकित्सा तीन सूत्रांवर उभी आहे. संसर्ग झालेली धमनी व भोवतालची सडलेली ऊती पूर्णपणे काढून टाकणे, पुढील अवयवाचा रक्तपुरवठा राखणे आणि दीर्घकाळ प्रतिजैविके देणे. यांपैकी एकही बाजू लंगडी पडली तर उरलेल्या दोन बाजू पुरेशा ठरत नाहीत. केवळ प्रतिजैविकांनी पोखरलेली भिंत पुन्हा सांधली जात नाही. केवळ शस्त्रक्रियेने रक्तातील जंतू नष्ट होत नाहीत.

पहिल्या आणि दुसऱ्या सूत्रात एक अंगभूत विरोध आहे. संसर्ग जितका कसून साफ करावा तितकी धमनीतील तूट मोठी होते आणि ती भरून काढण्यासाठी जोडावयाची नवी नळी मात्र त्याच दूषित जागेत बसवावी लागते. कृत्रिम धाग्यांपासून विणलेली नळी अशा ठिकाणी बसविल्यास जंतू तिच्या पृष्ठभागावर चिकट थर तयार करून त्याखाली लपतात. तेथे प्रतिजैविके आणि रक्तातील पांढऱ्या पेशी परिणामकारकपणे पोहोचू शकत नाहीत. शिरेच्या कलमाचे महत्त्व या ठिकाणी स्पष्ट होते.

शीर ही रुग्णाची स्वतःची, जिवंत ऊती आहे. शरीर तिला परके मानत नाही. तिच्या आतील अस्तरामुळे रक्त गोठण्याचा संभव कमी राहतो. आरंभी तिचे पोषण आतून वाहणाऱ्या रक्तावर होते आणि कालांतराने भोवतालच्या निरोगी ऊतींतून तिच्या भिंतीत सूक्ष्म रक्तवाहिन्या शिरतात. परिणामी शरीराची संरक्षणयंत्रणा आणि औषधे दोन्ही तिच्यापर्यंत पोहोचतात. असे असले तरी शीर संसर्गापासून पूर्णतः मुक्त राहते असे समजणे योग्य नव्हे. स्युडोमोनास यांसारख्या आक्रमक जंतूंपुढे शिरेची भिंतही फुटू शकते. म्हणून कलम बसविण्यापूर्वीची सफाई आणि त्यानंतरचे निरोगी ऊतींचे आच्छादन या दोन्ही गोष्टींवर यश अवलंबून असते.

शंभर वर्षांहून जुनी वाटचाल

विस्फाराच्या वरच्या व खालच्या बाजूस धमनी बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया ग्रीक वैद्य अँटिलस यांनी इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत वर्णिली होती. १७८५ साली लंडनमध्ये जॉन हंटर यांनी गुडघ्यामागील विस्फारासाठी मांडीतील धमनी बांधली आणि आजूबाजूच्या लहान वाहिन्यांच्या आधारे पाय तगू शकतो हे दाखवून दिले. मात्र धमनी बांधल्यानंतर अनेक रुग्णांचा पाय गँग्रीन होऊन कापावा लागे.

रक्तवाहिन्या एकमेकींना जोडण्याची विश्वसनीय पद्धत फ्रेंच शस्त्रचिकित्सक अलेक्सी कॅरेल यांनी १९०२ साली प्रसिद्ध केली. त्यासाठी लागणारे सुईचे कसब त्यांनी ल्योन शहरात भरतकाम करणाऱ्या एका महिलेकडून आत्मसात केल्याचे सांगितले जाते. वाहिन्यांना टाके घालण्याच्या व अवयवारोपणाच्या संशोधनाबद्दल त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक प्राप्त झाले.

धमनीच्या जागी शीर वापरण्याचा मान माद्रिदचे होसे गोयानेस यांच्याकडे जातो. १९०६ साली त्यांनी गुडघ्यामागील धमनीचा विस्फार दूर करून शेजारचीच शीर त्या जागी जोडली. रुग्णाचा विस्फार उपदंशजन्य होता. पुढच्याच वर्षी जर्मनीत एरिक लेक्सर यांनी काखेतील धमनीच्या विस्फारासाठी मांडीतील वरवरच्या शिरेचा तुकडा वापरला. १९४८ मध्ये पॅरिस येथे जाँ कुन्लिन यांनी त्याच शिरेचा लांब पट्टा अडथळ्याच्या वर व खाली जोडून पायाची बायपास शस्त्रक्रिया केली. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेमुळे ही शीर पुढे सर्वसामान्यांच्याही परिचयाची झाली.

१९५० च्या दशकात डेक्रॉनसारख्या कृत्रिम धाग्यांच्या नळ्या उपलब्ध झाल्या आणि महाधमनीची शस्त्रक्रिया सुलभ बनली. त्याबरोबरच बसविलेल्या नळीलाच संसर्ग होण्याची नवी समस्या उद्भवली. अशा रुग्णांसाठी पुन्हा शिरेकडे वळावे लागले. अमेरिकेतील डॅलस येथे जी. पॅट्रिक क्लॅगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडीतील खोल शिरांपासून महाधमनीचा खालचा भाग व तिच्या शाखा नव्याने उभारण्याची पद्धत १९९३ साली प्रसिद्ध केली. त्याच सुमारास बेल्जियममधील लूव्हेन येथेही या दिशेने काम झाले. मूळतः संसर्गित कृत्रिम नळी बदलण्यासाठी आखलेली ही पद्धत पुढे महाधमनीच्या संसर्गित विस्फारांसाठीही उपयोगात आणली गेली.

हातापायांवरील शस्त्रक्रिया

हाताच्या अथवा पायाच्या धमनीसाठी पायाच्या आतील बाजूने घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी लांब वरवरची शीर ही पहिली पसंती असते. सोनोग्राफीच्या साहाय्याने ती पुरेशी रुंद व निर्दोष आहे याची खात्री करून घेतली जाते. तीन मिलिमीटरपेक्षा अरुंद, गुठळी झालेली किंवा वेटोळी फुगलेली शीर सहसा टाळतात. शक्यतो संसर्ग नसलेल्या पायातून ती घेतात. स्वच्छ जखमेत जंतू जाऊ नयेत यासाठी शीर काढण्याचे काम प्रथम आणि स्वतंत्र उपकरणांनी उरकले जाते.

त्यानंतर विस्फाराला हात लावण्यापूर्वी त्याच्या वरच्या व खालच्या निरोगी धमनीवर ताबा मिळविला जातो. जांघेतील विस्फारात वरचा ताबा मिळविण्यासाठी पोटाच्या खालच्या भागात वेगळा छेद घ्यावा लागतो. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देऊन चिमटे लावल्यावर पिशवी उघडून गुठळ्या, पू आणि सडलेली भिंत निरोगी ऊती दिसेपर्यंत काढून टाकतात. काढलेल्या ऊतीचे नमुने जंतुपरीक्षेसाठी पाठवितात. जखम धुऊन, हातमोजे व उपकरणे बदलून मग कलम जोडले जाते.

शिरांमध्ये रक्त एकाच दिशेने वाहू देणाऱ्या झडपा असतात. त्यामुळे शीर उलटी फिरवून, म्हणजे तिचे खालचे टोक वर करून जोडावी लागते. टाक्यांसाठी जंतूंना थारा न देणारा एकपदरी गुळगुळीत धागा वापरतात. शेवटी मांडीतील लांब स्नायू वळवून कलमावर त्याचे आच्छादन घालतात. ही पायरी दुय्यम वाटली तरी उघडे राहिलेले कलम कोरडे पडून फुटण्याचा धोका असल्याने तिला अत्यंत महत्त्व आहे.

जांघेतील जागा फारच दूषित असल्यास त्या जागेला वळसा घालून ओटीपोटाच्या हाडातील नैसर्गिक छिद्रातून कलम मांडीत उतरविण्याचा मार्ग १९६३ पासून ज्ञात आहे. सुयांमुळे झालेल्या विस्फारांत काही शस्त्रचिकित्सक केवळ धमनी बांधून थांबणे पसंत करतात, कारण अशा रुग्णांच्या वरवरच्या शिरा बहुधा आधीच निकामी झालेल्या असतात. बांधल्यानंतर पायाचा रक्तपुरवठा पुरेसा राहिल्यास हा निर्णय योग्य ठरतो. तो अपुरा पडल्यास कलम आवश्यक होते. या प्रश्नावर तज्ज्ञांमध्ये अद्याप एकमत नाही.

महाधमनीसाठी मांडीतील खोल शीर

पोटातील महाधमनीचा सामान्य व्यास सुमारे दोन सेंटिमीटर असतो. तिच्या जागी पायातील वरवरची शीर पुरी पडत नाही. म्हणून मांडीतील खोल शीर निवडली जाते. तिचा व्यास साधारणतः एक सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि तिची भिंतही तुलनेने जाड असते. एका पायातील किंवा दोन्ही पायांतील शिरा घेऊन, गरजेनुसार त्या एकमेकींस पाटलोणीच्या आकारात जोडून महाधमनी व तिच्या दोन शाखा तयार केल्या जातात. दुसऱ्या एका पद्धतीत वरवरची शीर उभी चिरून, तिची पट्टी नळीवर मळसूत्रासारखी गुंडाळून व कडा शिवून अधिक रुंद नळी बनवितात.

इतकी मोठी शीर काढल्यानंतर पायाचे काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. मांडीच्या गाभ्यातून येणारी दुसरी मोठी शीर आणि गुडघ्यामागील शीर शाबूत ठेवल्यास रक्त परतण्याचा मार्ग खुला राहतो. बहुतेक रुग्णांत दीर्घकालीन सूज मर्यादित राहते. काही रुग्णांत मात्र शस्त्रक्रियेनंतर पोटरीतील दाब वाढतो आणि स्नायूंवरील आवरण कापून तो कमी करावा लागतो.

ही शस्त्रक्रिया दीर्घ असते आणि तिला अनेक तास लागतात. धमनी फुटून रक्तस्राव सुरू असलेल्या रुग्णाजवळ तेवढा वेळ नसतो. हीच तिची सर्वांत मोठी मर्यादा आहे. कलम जोडल्यावर आतड्यांवर झालरीप्रमाणे पसरलेला चरबीयुक्त पडदा त्याभोवती गुंडाळतात. या पडद्यात रक्तपुरवठा विपुल असल्याने तो संसर्गाशी लढण्यास साहाय्यभूत होतो.

अन्य पर्याय

शीर उपलब्ध नसेल किंवा वेळ नसेल तर मृत दात्याकडून मिळालेल्या व अतिशीत तापमानात जतन केलेल्या धमन्या, गाईच्या हृदयावरणापासून बनविलेल्या नळ्या अथवा रिफाम्पिसिन या प्रतिजैविकात भिजविलेल्या कृत्रिम नळ्या वापरल्या जातात. महाधमनीचे टोक बंद करून काखेतील धमनीपासून जांघेपर्यंत त्वचेखालून कृत्रिम नळी नेणे हा जुना पर्याय आहे. त्यात बंद केलेले टोक पुढे फुटण्याचा धोका राहतो.

जांघेतून तारेच्या साहाय्याने आवरणयुक्त स्टेंट बसविण्याच्या पद्धतीने या क्षेत्रात मोठा बदल घडविला. स्वीडनमध्ये १९९४ ते २०१४ या काळात पोटातील महाधमनीच्या संसर्गित विस्फारावर उपचार घेतलेल्या १३२ रुग्णांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्टेंट बसविलेल्या रुग्णांचे आरंभीच्या महिन्यांतील जीवितप्रमाण खुल्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत अधिक आढळले. दीर्घकालीन निष्कर्षांत मात्र तो फरक टिकला नाही. स्टेंट बसविताना दूषित ऊती जागेवरच राहते. त्यामुळे वृद्ध, अशक्त किंवा रक्तस्राव होत असलेल्या रुग्णांत प्रथम स्टेंटने धोका टाळणे व प्रकृती सुधारल्यावर पुढील निर्णय घेणे हा मार्ग अनेक ठिकाणी स्वीकारला जातो.

शस्त्रक्रियेनंतर

जंतूंच्या प्रकारानुसार किमान चार ते सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके दिली जातात. त्यानंतर कित्येकदा काही महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. क्षयजन्य विस्फारात क्षयाचा संपूर्ण औषधोपचार अनिवार्य असतो. ताप उतरला व जखम भरली म्हणून औषधे मध्येच थांबविल्यास संसर्ग पुन्हा उफाळून कलमाचा जोड उसवू शकतो.

शिरेचे कलम कालांतराने आतून अरुंद होऊ शकते किंवा क्वचित फुगू शकते. यासाठी पहिल्या वर्षात ठरावीक अंतराने आणि पुढे दरवर्षी सोनोग्राफी करण्याचा सल्ला दिला जातो. महाधमनीच्या रुग्णांत सीटी स्कॅनही करतात. धूम्रपान पूर्णपणे वर्ज्य करणे, मधुमेह व रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि व्यसनाधीन रुग्णांना व्यसनमुक्तीचे साहाय्य मिळवून देणे हे उपचारांचेच भाग होत. सुईचे व्यसन चालू राहिल्यास तेच कलम पुन्हा टोचले जाण्याचा धोका असतो.

नागरिकांनी घ्यावयाची दक्षता

झडपांचा विकार असलेल्या किंवा कृत्रिम झडप बसविलेल्या व्यक्तींनी दातांची निगा राखावी आणि दातांच्या उपचारांपूर्वी आपल्या विकाराची माहिती दंतवैद्यास द्यावी. दीर्घकाळ टिकणारा ताप अंगावर काढू नये. हृदयाची तपासणी, डायलिसिस अथवा दुखापतीनंतर त्या जागी वाढती, दुखरी सूज आल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. अशा सुजेवर शेक, मालीश किंवा गावठी चिरा यांचा प्रयोग कदापि करू नये. गाठीतून थोडेसे रक्त येऊन ते आपोआप थांबले, तरी तो मोठ्या रक्तस्रावाचा पूर्वसंकेत असू शकतो. अशा वेळी त्या जागी स्वच्छ कापडाने घट्ट दाब देऊन रुग्णास तातडीने, शक्यतो रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. शिरेचे कलम जोडण्यासाठी शस्त्रचिकित्सकास वेळ लागतो. धमनी फुटण्यापूर्वी झालेले निदानच तो वेळ मिळवून देते.